घरचं धरत नाहीत

३ जुलै

आई,

मायना गाळला आहे. येतो मला, तूच पाठ करून घेतला होतास, पण तो लिहिला की पुढचं सगळं पत्र आपोआप गोड होतं आणि आज मला गोड लिहायचं नाही. फोन करण्यात अर्थ नाही. फोनवर तू 'बरं' म्हणतेस, 'जेवलीस का' विचारतेस आणि फोन दादाच्या हातात देतेस. पत्राचं तसं करता येणार नाही.

तर बातमी अशी, की जूनपासून सेवाकार्याचं समन्वयकपद माझ्या गळ्यात पडलं आहे. तुझ्याच शाळेत मी इतिहास शिकवायला लागले तेव्हा सगळ्यांनी 'आईचा वारसा' वगैरे म्हणून घेतलं आणि मी दात दाखवून गप्प बसले. पण सेवाकार्य तुझ्यानंतर भूगोलाच्या सरांकडे होतं, म्हणून मी निर्धास्त होते. ते यंदा निवृत्त झाले. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, "कोण घेणार?" आणि सगळ्यांना एकदम वह्या तपासायच्या आठवल्या. माझ्या तपासून झाल्या होत्या. वेळेवर काम केल्याची ही शिक्षा.

कपाट उघडलं. घडी मोडलेली बॅनरं, आयोडिनची सुकलेली बाटली, आणि दाराच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवलेले तुझे नियम. टाइप केलेले, समास सोडून. प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी साठ तास सेवा करावी, न केल्यास दाखला मिळणार नाही, इथपासून सुरुवात. मी सरळ सातव्यावर गेले. 'स्वतःच्या घरातील काम किंवा स्वतःच्या नातेवाइकांची शुश्रूषा सेवेच्या तासांत धरली जाणार नाही.' शुश्रूषा. एवढा जड शब्द त्या शाळेत तूच वापरू शकतेस.

यावर आपण कधी बोललोच नाही, तेव्हा एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे निदान घटनाक्रम तरी दोघींचा एक राहील. माझं शाळेचं शेवटचं वर्ष. आजीची उजवी बाजू गेली होती. तुझी आई, माझी आजी. बाबांची फिरतीची नोकरी, दादा वसतिगृहात. दर रविवारी सकाळी तू पोरांची रांग घेऊन जगाची सेवा करायला बाहेर पडायचीस आणि मी घरी आजीला कुशीवर वळवायचे, पुसायचे, भरवायचे, चादर बदलायचे. ते तास मी माझ्या सेवेच्या कार्डावर लिहिले. तू त्यांच्यावर लाल रेघ मारलीस आणि म्हणालीस, "घरचं धरत नाहीत." स्वयंपाकघरात म्हणालीस, पण आवाज वर्गातला होता. तास कमी पडले म्हणून दाखला अडला, दाखला अडला म्हणून प्रवेश गेला, आणि वर्ष गेलं. पुढच्या वर्षी रुग्णालयात दुसऱ्यांच्या आज्यांना पाणी पाजून मी साठ तास पुरे केले. तोवर माझी आजी नव्हती.

आता हे उकरून का काढते आहे? शेवटच्या वर्गात एक मुलगा आहे. रोज पहिल्या तासाला उशिरा येतो, म्हणून पोरं त्याला लेटमार्क म्हणतात. मीही बरंच झापलं. मग परवा कळलं की त्याचे वडील वायरमन आहेत, म्हणजे होते. खांबावरून पडले आणि कमरेखालचं सगळं गेलं. आईची कारखान्यात सकाळची पाळी. वडिलांना उठवणं, धुणं, कपडे बदलणं हे सगळं तो आटपतो आणि मग शाळेत येतो. रविवारी दिवसभर तेच. सेवेच्या कार्डावर त्याचे तास शून्य.

मी नियम सात काढून टाकणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

तुझी मुलगी


२० ऑगस्ट

आई,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. 'नियम काढण्याआधी तो का घातला ते विचारायचं होतंस. तब्येतीला जप.' तब्येत उत्तम आहे. आणि मी विचारलं होतं, आई. तू लाल रेघ मारलीस त्या दिवशीच विचारलं होतं, "का?" तू म्हणालीस, "नियम आहे." हे उत्तर माझ्या वर्गात कोणी दिलं तर मी त्याला बाकावर उभं करेन.

नियम गेला. मला वाटलं होतं मुख्याध्यापक आडवे येतील, म्हणून मी मुद्दे काढून गेले होते. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे मॅडम, सगळ्यांचे तास भरतील?"

म्हटलं, "भरतील."

"मग वार्षिक अहवालात शंभर टक्के लिहिता येईल." सही झाली. माझे मुद्दे तसेच राहिले, घरी येऊन आरशाला सांगितले.

पालकांना पत्रक गेलं. घरच्या आजारी किंवा वृद्ध माणसाची केलेली सेवा यापुढे धरली जाईल, बाहेरच्या सेवेसारखीच रविवारी तीन तासांपर्यंत, पालकांनी कार्डावर सही करावी. लेटमार्कला मी वर्गाबाहेर बोलावून सांगितलं. त्याला वाटलं काहीतरी चेष्टा चालली आहे. मग म्हणाला, "म्हणजे बाबांचं धरणार?" मी हो म्हटलं. त्याने कार्ड खिशात घातलं आणि परत काढून बघितलं. तू तिथे असतीस तर तुलाही बरं वाटलं असतं असं लिहिणार होते, पण खात्री नाही.

वर्गात आणखी एक नमुना आहे. पहिल्या बाकावरची मुलगी. राजाने कर वाढवला म्हणून प्रजा चिडली, असं मी म्हणायचा अवकाश, हिचा हात वर. "कशावरून?" म्हणून तिचं नावच कशावरून पडलं आहे. "कशावरून, पेन्सिल दे गं," असं चालतं. ती दर रविवारी आपल्या अंधसंस्थेत येते आणि तिथल्या एका निवृत्त टंकलेखक आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवते. ते प्रत्येक बातमीवर 'आमच्या वेळी असं नव्हतं' म्हणतात, ती विचारते कशावरून, आणि दोघं तासभर भांडतात. तिथल्या व्यवस्थापक बाई मला म्हणाल्या, आजोबा आता शनिवारीच दाढी करून बसतात. या मुलीकडे बघितलं की मला शिकवावंसं वाटतं. बाकी दिवस पगारासाठी.

एकंदरीत झकास चाललं आहे. तुला हे ऐकवायलाच पत्र लिहिलं.

तुझी मुलगी


२९ सप्टेंबर

आई,

आज अंधसंस्थेत मी आणि तीन मुलगे. रुग्णालयात दोन मुलगे. ग्रंथालयात पुस्तकं चिकटवायला कोणी नाही. खळ करून ठेवली होती, तिला कवच आलं.

मुली कुठे गेल्या? परीक्षा नाही, साथ नाही, सहल नाही. कार्डं मात्र भरलेली आहेत. 'आजीची सेवा.' 'आजोबांची सेवा.' 'आत्याची सेवा.' खाली वडिलांच्या सह्या, ठसठशीत. गावातली सगळी म्हातारी माणसं ऑगस्टमध्ये एकदम आजारी पडली की काय? मुख्याध्यापक खुशीत आहेत. म्हणाले, "मॅडम, तुमच्या आईंना तीस वर्षांत जमलं नाही ते तुम्ही दोन महिन्यांत केलंत." मी हसले. बाहेर येऊन मला ते हसू आवडलं नाही.

टंकलेखक आजोबा दाढी करून बसले होते. मी वाचायला घेतलं तर म्हणाले, "तुम्ही वाचता चांगलं, पण तुम्ही भांडत नाही. ती कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. उद्या शाळा सुटल्यावर कशावरूनच्या घरी जाऊन येते.


६ ऑक्टोबर

आई,

जाऊन आले. लगेच लिहायला बसले होते, पण अक्षर इतकं वाकडं आलं की तुला वाटलं असतं मी आजारी आहे.

तिचे वडील शिंपी आहेत. पुढच्या खोलीत दोन मशिनं, भिंतीला टेकून गणवेशांचे गठ्ठे, जमिनीवर खडूची धूळ. कशावरून कोपऱ्यात बसून शर्टाला काजं करत होती. मला बघून उठली, पण हातातला शर्ट खाली ठेवला नाही. वडील भला माणूस. मशीन थांबवून त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"कार्डात काही चुकलं का, मॅडम? सही केली आहे मी."

म्हटलं, "चुकलं नाही. ती संस्थेत येत नाही, तिथे विचारतायत."

"तिथे आता कशाला? तुम्हीच कळवलंत ना, घरचं धरतात म्हणून. आजीचंही होतं, मलाही हात लागतो. बाहेर पाठवायचं म्हणजे उशीर होतो, सोबतीला कोण, हजार कटकटी. तुमच्या पत्रकाने बरं झालं बघा."

"आजींना काय झालंय?"

आजी खिडकीत बसून सुई ओवत होत्या. चष्मा न लावता. त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?"

शिंपी जरा ओशाळले. "वय झालं की लागतंच ना कोणीतरी," म्हणाले आणि मशीन चालू केलं.

मी मुलीला विचारलं, "तुला यायचंय का रविवारी?" तिने वडिलांकडे पाहिलं, मग शर्टाकडे. "इथे काम असतं, मॅडम." मी वाट बघत होते की ती काहीतरी विचारेल. माझ्या प्रत्येक वाक्याला अडवणारी मुलगी ती. तिने खाली बसून काजात सुई टोचली.

निघाले तर तिची आई फाटक लावायच्या निमित्ताने रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "तुम्ही बाईंची मुलगी ना? जुन्या इतिहासाच्या बाईंची?" मी मान हलवली. मग ती जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत मी त्याला काहीतरी वळण देईन.

"मी बाईंच्या वर्गात होते. माझे वडील रविवारी सोडायचे नाहीत. शाळेत जाऊन म्हणाले, ही घरी पाच माणसांचं करते, तेच धरा की. बाई म्हणाल्या, वरून नियम आलाय, माझ्या हातात काही नाही, तास नाहीत तर दाखला नाही. वडील चरफडले, पण सोडलं. तेवढे रविवार मी एकटी बसमध्ये बसले. खिडकीशी. नंतर नाही कधी. मग माझी धाकटी बहीण तुमच्याच वर्षाला होती. तेव्हा बाईंच्या घरी म्हातारं माणूस आजारी होतं ना? आमचे वडील म्हणाले, बघू, बाई स्वतःच्या मुलीचं धरतात का. धरलं तर मीही हिला घरी बसवतो आणि सही करतो. आमच्या गल्लीतले सगळेच तसं म्हणत होते. बाईंनी नाही धरलं. मग सोडावं लागलं सगळ्यांना."

एवढं बोलून तिने फाटकाची कडी घातली आणि म्हणाली, "आता तुम्ही बदललं, तर बदललं. तुम्हाला बरं दिसलं असेल."

आई, वरून नियम? वर कोण होतं? तुझ्या वर छप्पर होतं आणि त्यावर कबुतरं. नियम तू केलास, टाइप तू केलास, आणि बापांसमोर हात वर करून उभी राहिलीस. मी रस्त्यात उभी राहून हसले, मग रडले, मग एका सायकलवाल्याने विचारलं काय झालं म्हणून चालायला लागले.

तुझं बरोबर होतं. हे लिहिलेला कागद मी चुरगाळून टाकला होता, परत सपाट केला आहे, म्हणून सुरकुत्या दिसतील. नियम बरोबर होता आणि माझ्या बाबतीत तो न मोडणंही बरोबर होतं. मी कायदा कशासाठी झाला ते न बघता तो मोडीत काढला, आणि दर वर्षी मी मुलांना नेमकं हेच करू नका म्हणून घसा कोरडा करते. माझ्या एका सहीने गावातल्या मुलींचे रविवार गेले.

पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. उलट वाढला. तू मला एकदा सांगितलं का नाहीस? बसवून सांगितलं असतंस, की बाई गं, तुझं धरलं तर उद्या या सगळ्या पोरी घरात कोंडल्या जातील, तर मी ते वर्ष दिलं असतं. हसत नाही, चिडत दिलं असतं, दारं आपटत दिलं असतं, पण दिलं असतं. तू मागितलं नाहीस. तू घेतलंस.


१९ ऑक्टोबर

आई,

नियम परत आला. सहज नाही आला. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, वर्षात दोनदा नियम बदलायचा तर ही शाळा आहे की धर्मशाळा? आणि शंभर टक्क्यांचं काय?" मी सांगून बघितलं की मुलींची सेवा नुसती कार्डावर आहे आणि त्या घरात काजं करतायत. ते म्हणाले, "पण पालकांची तक्रार नाही." म्हटलं, पालकांची कशी असेल? ते परत शंभर टक्क्यांवर आले. गाडी तिथून हलेना. शेवटी मी समन्वयकपदाचा राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, खिडकीतून स्टाफरूमकडे पाहिलं, तिथे कोण कोण आहे आणि त्यातला कोण हे काम घेईल याचा विचार केला असावा, आणि निमूटपणे सही केली. या पदासाठी कोणी भांडत नाही हा त्याचा मोठा फायदा आहे.

सव्वीस मुलींच्या घरी जाऊन मी तेच बोलले. शिंप्याच्या घरीही. "वरून नियम आलाय. माझ्या हातात काही नाही." तोंड अगदी तुझ्यासारखं केलं. जमलं. मला स्वतःचाच संताप आला.

पण लेटमार्कचं काय? एकदा परत आला की नियम सगळ्यांनाच. त्याचं धरलं की शिंपी उद्या दारात. आतापर्यंतचे तास राहतील, पण ते निम्मेही नाहीत. वर्ष संपेपर्यंत उरलेले भरले नाहीत तर त्याचा दाखला अडणार, आणि त्याला तंत्रशाळेत जायचंय, वडिलांचंच काम शिकायला. मी त्याला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "मग तेव्हा कशाला धरलंत, मॅडम?" तेव्हा मला वाटलं होतं मी फार चांगली आहे.

मग मला एक सुचलं होतं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, रविवारी वर्गातली दोन मुलं तुझ्या घरी पाठवते. ती तुझ्या बाबांजवळ बसतील, त्यांचं करतील, त्यांचे तास धरले जातील, कारण ते त्यांचं घर नाही. तेवढा वेळ तू संस्थेत ये, तुझे भरतील.

तो एकदम ताठ झाला. "वर्गातली पोरं येणार? बाबांना पुसायला?"

"त्यात काय झालं?"

"माझ्या घराचा उपक्रम करू नका, मॅडम," म्हणाला आणि निघून गेला. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. हळूच लावलं.

त्याचा दाखला माझ्यामुळे अडणार. तुझ्यामुळे माझा अडला, माझ्यामुळे याचा. लोक याला वारसा म्हणतात.


८ डिसेंबर

आई,

तू उत्तर पाठवत नाहीस. दादा म्हणतो, पत्रं वाचतेस, दोनदोनदा वाचतेस, आणि उशीखाली ठेवतेस. ठेव.

लेटमार्क माझ्याशी बोलेना, म्हणून मी त्याच्या नकळत त्याच्या घरी गेले, तो शाळेत असताना. शोभणारं काम नव्हे, पण गेले. त्याचे वडील एकटेच होते. पलंग खिडकीशी, हाताच्या अंतरावर पाणी, रेडिओ, आणि एक काठी, तिने पंख्याचं बटण दाबायचं. मी सगळं सांगितलं. मुलगा नको म्हणतो हेही सांगितलं.

ते म्हणाले, "त्याला लाज वाटते. मलाही वाटते, पण मॅडम, कंटाळा लाजेपेक्षा मोठा आहे. वर्ष झालं, मी त्याचं आणि त्याच्या आईचं सोडून कोणाचं तोंड बघितलं नाही. आणि त्यालाही माझ्या तोंडाचा वीट आला असेल, बोलत नाही तो. येऊ देत पोरं. पुसापुशी सकाळी तोच करेल, ती नको कोणी. दुपारी नुसतं येऊन बसू देत, कुशीवर वळवलं तरी पुष्कळ. मी बोलतो त्याच्याशी."

काय बोलले माहीत नाही. पुढच्या रविवारी लेटमार्क संस्थेच्या दारात उभा होता, वेळेच्या आधी.

त्याच्या घरी मी मागच्या बाकावरचे दोघं पाठवले. दांडगे आहेत, उचलायला बरे आणि दुसरीकडे कुठे बरे नाहीत. वडिलांनी त्यांना कामाला लावलं, घरातले सगळे खटके उघडून बंद करायला शिकवले. आता दोघांना फ्यूज बदलता येतो. राज्यक्रांतीची कारणं अजून येत नाहीत, पण ते काम माझं आहे.

लेटमार्कने टंकलेखक आजोबांना बातमी वाचून दाखवली. आजोबा म्हणाले, "हा बातमी वाचतोय की शिक्षा भोगतोय?" मग कशावरूनने त्याच्या हातातून पेपर घेतला. हो, ती आली आहे. पहिला रविवार गप्प बसून काढला तिने. दुसऱ्या रविवारी आजोबा मुद्दामच काहीतरी अचाट बोलले, आणि तिच्या तोंडून निघालं, "कशावरून?" आजोबांनी टाळी वाजवली. मी पडद्याआड उभी होते. डोळ्यांत पाणी आलं, आता काय लपवायचं.

लेटमार्कला तिसऱ्या रविवारी मी बाहेरच्या बाकावर झोपलेला पाहिला. तोंड उघडं, बूट पायात. उठवणार होते. नाही उठवलं. त्याचा तेवढा वेळही मी कार्डावर लिहिला. तुझ्या नियमांत झोपेबद्दल काही नाही, मी परत वाचून पाहिलं. वर्ष संपेपर्यंत त्याचे साठ होतील.

आणि आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहिते आहे. हे सगळं एका दुपारचं काम निघालं, आई. एका घरी जायचं, एका माणसाशी बोलायचं, दोन मुलं तिकडे पाठवायची. नियमाला धक्का नाही, मुलींना धक्का नाही, मुलाचा दाखला सुटला. तुझ्याकडे आख्खं वर्ष होतं. तुझ्या रांगेत चाळीस मुलं असायची. ती अंधांकडे गेली, रुग्णालयात गेली, अनोळखी माणसांच्या पायऱ्या झाडून आली. त्यांतली दोघं आमच्या घरी का नाही आली? आजीजवळ दोन तास बसली असती तर मी बाहेर पडले असते. तुझ्याबरोबर आले असते. तुझ्या रांगेत, सगळ्यांच्या मागे का होईना.

ऑक्टोबरपासून मी याचीच कारणं शोधते आहे. तुला घरातला पसारा लोकांना दाखवायचा नव्हता का? आजीला अशा अवस्थेत कोणी बघू नये असं वाटत होतं? की मी केलेलं तुला सेवा वाटतच नव्हतं, मुलीचं कर्तव्य वाटत होतं? की मी घट्ट व्हावं म्हणून? प्रत्येक कारणाला माझ्याकडे उत्तर तयार आहे, आंघोळ करताना पुन्हा पुन्हा म्हणून घोटलेलं. कदाचित त्या मुलासारखं मीही म्हटलं असतं, नको कोणी आमच्या घरी. पण तू विचारलंस तरी असतं तर.

आता तूच सांग. एकाच ओळीत लिही, पण लिही.


२ जानेवारी

आई,

तुझं पत्र काल शाळेच्या पत्त्यावर आलं. मी ते स्टाफरूममध्ये उभ्याउभ्या वाचलं आणि खाली बसले.

'मला सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. बापांना काय सांगायचं याचा विचार मी रात्रंदिवस केला. तू घरचं करत होतीस, नीट करत होतीस, म्हणून तिकडे बघायची गरज वाटली नाही. तुझ्या पत्रात वाचलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की असं करता आलं असतं. हे लिहायला मला तीन आठवडे लागले.'

एवढंच. खाली 'तब्येतीला जप' सुद्धा नाही.

आई, 'कारणे द्या' या प्रश्नाला कोणी असं उत्तर लिहिलं तर मी शून्य देते. समासात लिहिते, हे कारण नव्हे. तुझ्या पत्राच्या समासात पेन टेकवलं, तर नुसता एक ठिपका उमटला. तत्त्व असतं तर मी तत्त्वाशी भांडले असते. लाज असती, अहंकार असता, तर त्यांच्याशी भांडले असते, सगळी तयारी होती. तुला सुचलं नाही. मी नीट करत होते म्हणून तू बघितलं नाहीस. थोडं वाईट केलं असतं, एखादा दिवस आजीला उपाशी ठेवलं असतं, तर तू वळून पाहिलं असतंस. केवढी चूक झाली माझी.

मी चिडले आहे. वर्गात एका मुलावर उगाच ओरडले आणि मग माफी मागितली, तो घाबरला. घरी येऊन भांडी आदळली. इतक्या वर्षांचा राग एका साध्या वाक्याने निराधार करून टाकलास आणि आता तो घेऊन मी कुठे जाऊ ते मला कळत नाही. आणि तरीही, इतक्या वर्षांत तू मला लिहिलेलं हे पहिलं खरं वाक्य आहे. बाकी सगळे नियम होते.

शनिवारपासून चार दिवस सुट्टी आहे. मी येते आहे. समेट करायला येत नाही, तसा गैरसमज करून घेऊ नकोस. तू ते वाक्य मला तोंडाने सांगायचंस, माझ्याकडे बघून, वर्गातला आवाज न लावता. 'मला सुचलं नाही.' मग मी रडणार आहे. मोठ्याने, आजी गेली तेव्हा रडायचं राहिलं होतं ते धरून. तू मध्ये बोलायचं नाहीस आणि उठून चहा टाकायला जायचं नाहीस. नुसती शेजारी बसून राहा, मी थांबेपर्यंत.

तुझी
मुलगी